मला आचारीच म्हणा!

दिवाळी अंकात दोन गोष्टी हटकून असतात. एक, सरहद्दीवरच्या जवानाची हकीकत. आणि दुसरी, खुसखुशीत चकलीची कृती. पहिली वाचून ऊर भरून येतो, दुसरी वाचून तोंडाला पाणी सुटते. पण ज्या माणसाने बंदूकही चालविली आणि झाराही चालविला, त्याला या दोन पानांच्या मध्ये कोठेच जागा नसते. मी तसा माणूस आहे. सतरा वर्षे पायदळात काढली, हवालदार होऊन घरी आलो, आणि आज आचारी आहे; शिवाय नव्या आचाऱ्यांना शिकविण्याचेही काम करतो. सणासुदीला भांडण काढू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात. मला मात्र हे भांडण फराळाच्या ताटापुढे बसूनच काढावयाचे आहे. कारण भांडण त्या ताटाविषयीच आहे.

माझे म्हणणे आडपडदा न ठेवता सांगतो. आपल्या समाजाने निवृत्त शिपायाला एकच जागा नेमून दिली आहे, ती म्हणजे दारातले स्टूल. आणि स्वयंपाकाला एकच मोबदला ठरवून दिला आहे, तो म्हणजे ‘वा, काय चव आहे!’ हे वाक्य. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत, आणि गंमत अशी की त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. शिस्त अंगात मुरलेले हात रिकामे बसले आहेत; आणि ज्या धंद्यात शिस्तीवाचून पान हलत नाही, तो धंदा हलका म्हणून आपण त्या हातांपुढे ठेवीतच नाही.

पायदळातला शिपाई पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास घरी येतो. सैन्य तरुण राहिले पाहिजे म्हणून त्याला लवकर सोडतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या वयात वाण्याचा मुलगा कुठे गादीवर स्थिरावत असतो, वकिलाची वकिली कुठे चालू लागलेली असते. आमचे मात्र ‘आता काय करणार?’ या प्रश्नापासून सुरू होते, आणि उत्तर ठरलेले असते. बँकेचे दार, सोसायटीचे फाटक, एटीएमची ती काचेची खोली. मीही आठ महिने एका मोठ्या हॉटेलच्या फाटकावर होतो. गाडी आली की सलाम, गाडी गेली की सलाम. पहारा कशावर होता म्हणाल, तर त्या सलामावरच!

आणि हा प्रश्न आता केवळ चाळिशीतल्या माणसांचा राहिलेला नाही. २०२२ साली अग्निपथ योजना आली. मूळ योजनेत चार वर्षांची नोकरी, आणि चौघांतल्या फार तर एकाला पुढे कायम होण्याची संधी. म्हणजे उरलेले तिघे पंचविशीच्या आत घरी यायचे. त्यांच्यासाठीही आपण स्टुलेच मोजून ठेवणार आहोत काय?

लोक मला विचारतात, ‘शिपाईगडी तुम्ही, स्वयंपाकाकडे वळलात कसे?’ मी उलट विचारतो, शिपाई स्वयंपाकापासून दूर होता केव्हा? सैन्यात तुकडीच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात. छावणीत त्यावर नेमलेले आचारी असतात. पण उंचावरच्या लहानशा ठाण्यावर दहाबारा माणसे राहतात, तेव्हा चुलीपुढे पाळी प्रत्येकाची येते. पंधरा हजार फुटांवर हवेचा दाब इतका कमी असतो की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, पंचाऐंशीच्या आसपासच उकळ्या फुटतात. पातेले खळखळत असते आणि डाळीचा दाणा मात्र जसाच्या तसा. कितीही जाळ घाला, ते पाणी अधिक तापत नाही. रॉकेल मात्र संपते. तिथे प्रेशर कुकरच्या शिट्टीचे मोल कळते. झाकणाखाली दाब कोंडला की पाणी जास्त तापते आणि डाळ शिजते. स्वयंपाक म्हणजे देवाने कोणाच्या हातात घातलेली जादू नसून कार्यकारणाचा हिशेब आहे, हे मी त्या ठाण्यावर शिकलो. पाककलेच्या कोणत्याही पुस्तकाने हा धडा मला इतक्या थोडक्यात दिला नसता.

हॉटेलच्या फाटकावरून उठून मी एके दिवशी मागच्या दाराने त्याच हॉटेलच्या भटारखान्यात शिरलो आणि कांदे सोलण्यापासून सुरुवात केली. वय अडतीस, शेजारी मिसरूड फुटत असलेली पोरे. आमच्या भाऊबंदांत शोककळा पसरली. ‘हवालदार होता हो, आता कांदे सोलतो!’ फाटकावर उभा राहून परक्यांच्या गाड्यांना सलाम ठोकीत होतो, तोवर घराण्याची इभ्रत शाबूत होती. हाताने चार माणसांचे अन्न तयार करू लागलो, तेव्हा ती गेली! या इभ्रतीचे गणित मला अजून उलगडलेले नाही.

आपण महाभारताची पारायणे करतो, पण सोयीची पाने वाचून पुढे जातो. अज्ञातवासात भीमसेन विराटाच्या घरी बल्लव होऊन राहिला, म्हणजे आचारी. गदा चालविणाऱ्या हाताला पळी धरताना कमीपणा वाटला नाही, आणि व्यासांनाही ते लिहिताना संकोच झाला नाही. नळराजाची कथा तर याहून बोलकी आहे. राज्य गेले, रूप गेले, आणि तो बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरी सारथी म्हणून राहिला. रूप पालटलेल्या नवऱ्याची ओळख दमयंतीला पटली, ती पुष्कळशी त्याने रांधलेल्या मांसाच्या चवीवरून. उत्तम स्वयंपाकाला आपण आजही नलपाक म्हणतो. ज्या भाषेत पाककौशल्याला योद्ध्या राजाचे नाव आहे, त्या भाषेच्या माणसांनी शिपायाच्या हातातला झारा पाहून नाक मुरडावे, याला काय म्हणावे?

पोट आणि लढाई यांचा संबंध आम्हा मराठ्यांना तरी कोणी समजावून सांगावयास नको. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी वेढा घातला. आत अडकलेल्या फौजेचे नाव होते पुणे डिव्हिजन, आणि तीत मराठा पलटणी होत्या. १९१५ च्या डिसेंबरात सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. त्या फौजेला बंदुकीच्या गोळीइतकेच उपासमारीने हरविले. घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस बरेच दिवस नाकारले, ताजा भाजीपाला नव्हताच, आणि स्कर्व्हीने माणसे खचली. शौर्यात काही उणे नव्हते. उणे होते ते भांड्यात! जो समाज रणांगणावरच्या मर्दुमकीचे पोवाडे गातो आणि त्या मर्दुमकीला दोन वेळ जेवू घालणाऱ्याचे नाव विचारीत नाही, त्याला युद्धही नीट कळलेले नाही आणि अन्नही.

आता सातासमुद्रापलीकडे पाहू. कारण आपल्याकडे एखादी गोष्ट तिकडून आली की तिला मान मिळतो. ज्याला आधुनिक फ्रेंच पाकशास्त्राचा अध्वर्यू मानतात, तो ओग्यूस्त एस्कोफिये १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात लष्करी आचारी होता. मेट्झच्या वेढ्यात त्याने अधिकाऱ्यांना जेवू घातले. पुढे तो युद्धकैदीही झाला. युद्धानंतर मोठमोठ्या हॉटेलांचे भटारखाने त्याच्या हाती आले, तेव्हा तिथला गोंधळ त्याने लष्करी पद्धतीने मोडून काढला. रश्श्यांचा एक विभाग, भाजण्याचा दुसरा, मासळीचा तिसरा. प्रत्येकावर एक जबाबदार माणूस आणि सर्वांवर एक प्रमुख. या रचनेला ‘ब्रिगेड’ असे सरळसरळ सैन्यातलेच नाव आहे. आज जगातल्या पंचतारांकित हॉटेलांत जी व्यवस्था चालते, तिची मुळे या रचनेत आहेत. म्हणजे शिपाई भटारखान्यात नवखा नाही. भटारखान्याची घडी बसविली तीच त्याने.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा अमेरिकेपुढे प्रश्न उभा राहिला की लक्षावधी सैनिक घरी येणार, त्यांचे करायचे काय? १९४४ साली तिथे कायदा झाला आणि सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४६ साली फ्रान्सेस रॉथ नावाच्या वकीलबाई आणि कॅथरिन एंजल या दोघींनी न्यू हेवन गावी परतलेल्या सैनिकांसाठी स्वयंपाकाची शाळा काढली. पहिल्या वर्गात सोळा विद्यार्थी होते. तीच शाळा १९५१ पासून ‘कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ म्हणून ओळखली जाते आणि जगातल्या नामांकित पाकशाळांत तिची गणना होते. १९४९ साली ज्यूलिया चाइल्ड पॅरिसच्या ‘ल कॉर्दाँ ब्ल’ शाळेत शिकावयास गेल्या. त्यांच्या वर्गात याच कायद्याखाली शिकणारे माजी सैनिक होते. बाई स्वतः युद्धकाळात हेरखात्याच्या नोकरीत सिंहलद्वीपी कँडीला राहिलेल्या. पुढे त्यांनी साऱ्या अमेरिकेला दूरचित्रवाणीवरून स्वयंपाक शिकविला.

आपल्याकडे काहीच नव्हते असे नाही. १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत खानपानाचे महाविद्यालय निघाले. तेच पुढे दादरला स्थिरावले. न्यू हेवनची शाळा काढणाऱ्या दोघी बायका, मुंबईची काढणारीही बाईच. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. स्वयंपाक हे शिकविता येण्याजोगे शास्त्र आहे आणि ते पोट भरण्याचे साधन होऊ शकते, हे आधी बायकांना कळले. कारण फुकटचा स्वयंपाक त्या पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या. मात्र तिकडच्या दोघींनी जो धागा पकडला, तो आपल्याकडे कोणी पकडला नाही. शिपायाला आणि शाळेला कोणी एकत्र आणले नाही.

आता माझ्यावर येणारे आक्षेप घेतो. पहिला आक्षेप असा की, ‘सैन्यातले जेवण म्हणजे पातळ डाळ आणि जाड पोळी, तुम्ही काय शिकविणार?’ लंगरच्या डाळीची कीर्ती मला ठाऊक आहे, तिची तरफदारी मी करणार नाही. पण बर्फात, डब्यांतला शिधा फोडून, शंभर माणसांना ठरल्या मिनिटाला गरम जेवण द्यावयाचे आणि एकालाही पोटाचा विकार होऊ द्यावयाचा नाही, हा पाया आहे. चव हा त्यावरचा मजला आहे. आपल्या लग्नमंडपांत मजला सुरेख असतो. पाया नसतो, म्हणून दर लग्नसराईत कुठे ना कुठे विषबाधेची बातमी येते. शिजलेला भात दुपारपासून रात्रीपर्यंत उघड्यावर राहिला की त्यात शिजूनही जिवंत राहणारे जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. गरम ते साठ अंशांच्या वर ठेवावे, थंड ते पाचाच्या खाली. मधल्या पट्ट्यात अन्न रेंगाळू देऊ नये. हे वाक्य मी वर्गात पहिल्या दिवशी पाठ करून घेतो. शिपायाला ते एकदाच सांगावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक गोड आहे म्हणून अधिक घातक आहे. ‘स्वयंपाक शिकवून येत नाही हो, हाताला चव असावी लागते.’ मंडळी, या ‘हाताच्या चवी’ने आपल्या आयाबहिणींचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे दुसऱ्या कशाने केले नसेल. जी गोष्ट उपजत, तिला पगार कशाचा? तिला सुट्टी कशाची? गोड शब्दांत स्तुती केली की हिशेब फिटला! आता जरा खरा हिशेब करा. घरची बाई दिवसाला दोन वेळा स्वयंपाक करते. वर्षाला ७३० वेळा, आणि चाळीस वर्षांत २९,२०० वेळा. कोणत्याही कवाईतीचा, कोणत्याही गवयाच्या रियाजाचा आकडा यापुढे फिका पडेल. त्या कमाईला तुम्ही ‘हाताची चव’ म्हणून देवाच्या खात्यावर मांडता, म्हणजे तिची मेहनत नाकारता. माझ्या शिपाईभावांना या धंद्यात आणण्याचा आग्रह मी धरतो, तो बायकांची जागा घेण्यासाठी नव्हे. स्वयंपाक हे काम आहे, त्याला शिक्षण लागते, त्याला दाम पडतो, ही गोष्ट एकदा बाहेर मान्य झाली की ती घरातही मान्य करावी लागेल.

तिसरा आक्षेप खरा आहे. ‘लष्करी शिस्त भटारखान्यात आली की शिवीगाळ येते.’ काही बड्या भटारखान्यांत तरुण पोरांना वाटेल ते बोलतात, अंगावर भांडी फेकतात, आणि वर ‘ही मिलिटरी शिस्त’ असे सांगतात. मी त्यांना सांगतो, ती शिस्त नव्हे. ते शिस्तीचे सोंग आहे. गोळीबारात हुकूम लहान असतो, कारण लांब हुकूम कोणाला ऐकू जात नाही. जो वरिष्ठ ओरडतो, त्याची तयारी आधी झालेली नसते. शिस्त म्हणजे कांदा चिरलेला, मीठ हाताशी, सुरीला धार, फडके कोरडे आणि प्रत्येकाला आपले काम ठाऊक. एवढे असले म्हणजे आवाज चढवावा लागत नाही.

शिकविणे म्हणजे काय, ते चकलीवरून सांगतो. सणाचे दिवस आहेत. चकली तेलात सुटली तर सुगरण म्हणते, ‘हसली.’ ती का हसली हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. बहुधा मोहन जास्त पडले. चरबीने पिठाचे कण एकमेकांना धरू दिले नाहीत. मऊ पडली तर तेल पुरेसे तापले नव्हते, किंवा चकली घाईने काढली. तळताना जे बुडबुडे येतात ते तेलाचे नसतात. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असते. बुडबुडे मंदावले म्हणजे पाणी गेले, आणि पाणी गेले म्हणजे चकली कुरकुरीत राहिली. आजीला हे डोळ्यांनी कळत होते. मी ते शब्दांनी सांगतो. आजीचे ज्ञान काही कमी नव्हते, पण ते तिच्याबरोबर जात असे. शब्दांत आले की ते वीस पोरांबरोबर वीस घरी जाते. सैन्याच्या तालमीत शिकविणाऱ्याला उस्ताद म्हणतात आणि भटारखान्यातल्या जाणत्याला वस्ताद. शब्द एकच आहे, मानही एकच असावा.

तो आहे काय? पंधरा वर्षे सेवा झालेल्या मॅट्रिक सैनिकाला केंद्र सरकार क वर्गाच्या काही पदांसाठी पदवीधरासमान धरते. पण एका पाकशाळेत मी शिकविण्यासाठी गेलो, तेव्हा माझ्या हातची कामे पाहून माना डोलावल्या गेल्या आणि मग पदवीचा कागद मागितला गेला. कागद नव्हता, म्हणून तासावर बोलावले. त्याच वर्गात कागदवाल्यांनी फळ्यावर ‘शिस्त’ शिकविली आणि पातेले उतरवायची वेळ आली की मला हाक मारली!

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. पाकशाळांनी माजी सैनिकांसाठी थोड्या जागा राखाव्यात, आणि ज्याने वीस वर्षे शेकडोंना जेवू घातले आहे त्याला शिकविण्यासाठी कागदाच्या आधी हात दाखविण्याची संधी द्यावी. शिपाईभावांनो, तुम्हीही लंगरवाल्याला कमी लेखणे सोडा. ती खोड मी बराकीत पुष्कळ पाहिली आहे. स्टुलावर बसण्यात मर्दपणा आणि चुलीपुढे उभे राहण्यात बायकीपणा, हा समज ज्याने तुमच्या डोक्यात घातला, त्याने तुम्हाला स्वस्तात विकत घेतले आहे. आणि वाचकहो, लग्नाच्या पंगतीतून उठलात की मंडपाच्या मागे एकदा जा. आचाऱ्याचे नाव विचारा, त्याला किती मिळते तेही विचारा. घरी या दिवाळीत चकलीचा सोऱ्या मुलाच्या हाती द्या. मुलीच्या हाती तो न विचारता देतच आलात.

राहता राहिला माझ्या नावाचा प्रश्न. हितचिंतक म्हणतात, ‘आचारी कशाला म्हणवता? शेफ म्हणा, वजन पडते.’ शेफ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ प्रमुख. तो हुद्दा आहे. कामाचे नाव नव्हे. हुद्दे मी पुष्कळ पाहिले, खांद्यावर वागविले आणि निवृत्तीच्या दिवशी सरकारला परत केले. मुलीच्या बापाला ‘जावई शेफ आहे’ म्हटले की आनंद होतो आणि ‘आचारी आहे’ म्हटले की ठसका लागतो. तो ठसका जाईपर्यंत मी हा शब्द सोडणार नाही. फराळ गोड लागला असेल तर करणाऱ्याला तसे सांगा, आणि त्याची मजुरी द्यावयाची राहिली असेल तर तीही आजच चुकती करा.